नव्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन पदार्थांत घटक थोडे असतात, त्यामुळे चूक लपवायला जागाच नसते. शिवाय वेळेचं गणित काटेकोर असतं. पास्ता दोन मिनिटं जास्त शिजला, रिसोट्टो (रश्श्यात शिजवलेला दाट भात) पाच मिनिटं काउंटरवर थांबला, पिझ्झा अर्धं मिनिट आधी बाहेर काढला, की चव बदलते. नव्याने उघडलेल्या ठिकाणी बिघडतं ते बहुतेक वेळा हे गणितच. ते कसं चालतं हे माहीत असेल, तर काय मागवायचं, काय विचारायचं आणि कधी ताट परत पाठवायचं हे कळतं. खालची उत्तरं त्यासाठीच आहेत.

उघडल्या उघडल्या जावं की थोडं थांबावं?

घाई नसेल तर महिना-दीड महिना थांबा. हा काळ आम्ही उगाच सांगत नाही. विटांचा नवा पिझ्झा ओव्हन आत ओल धरून असतो. तो अनेक दिवस मंद आचेवर सुकवावा लागतो, आणि त्यानंतरही त्याची फरशी कुठे जास्त तापते, कुठे कमी, हे पिझ्झा करणाऱ्याच्या हाताला कळायला वेळ लागतो. मळलेलं पीठ स्वयंपाकघरातल्या हवेप्रमाणे फुगतं. ती हवा दुपारी किती गरम होते, गर्दीच्या वेळी किती, याचा अंदाज पहिल्या काही आठवड्यांतच येतो. वाढणाऱ्यांनाही सगळे पदार्थ अजून चाखायला मिळालेले नसतात, त्यामुळे 'यात काय काय आहे' या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळेलच असं नाही.

तरीही आधीच जायचं असेल तर आठवड्याच्या मधला दिवस निवडा, संध्याकाळची पहिली वेळ घ्या आणि दोघे ते चौघेच जा. पास्ता उकळण्याच्या यंत्रात एका वेळी साधारण चार ते सहा जाळ्या बसतात. आठ जणांनी आठ वेगवेगळे पास्ते मागवले की पहिला शिजून तयार होतो तेव्हा शेवटचा पाण्यात पडतो. मग सगळ्यांना एकदम वाढायचं म्हणून पहिले तीन-चार थांबवून ठेवले जातात आणि मऊ पडतात. मोठ्या गटाने जायचंच असेल तर पास्त्याचे दोन किंवा तीनच प्रकार ठरवून घ्या.

बुकिंग करताना काय सांगावं?

माणसं किती, त्यात लहान मुलं किती, कुणाला अॅलर्जी आहे का, चाकाची खुर्ची किंवा बाळाची गाडी आत येणार आहे का. अॅलर्जीची गोष्ट टेबलावर बसल्यावर सांगण्यापेक्षा फोनवर सांगितलेली बरी, कारण बरेच सॉस सकाळीच करून ठेवलेले असतात आणि त्यातला घटक संध्याकाळी काढता येत नाही. ओव्हन उघडा दिसत असेल तर त्याच्या अगदी समोरचं टेबल बघायला छान असतं, पण तिथे उकडतं. वयस्कर मंडळी सोबत असतील तर दोन टेबलं मागे बसा. दोन टप्प्यांच्या जेवणाला दीड ते दोन तास धरा.

अँटिपास्ती, प्रिमी, सेकोन्दी, कोन्तोर्नी... यातलं किती मागवायचं?

अँटिपास्ती म्हणजे सुरुवातीचे छोटे पदार्थ. प्रिमी म्हणजे पास्ता, रिसोट्टो, न्योकी (बटाट्याचे छोटे गोळे), सूप. सेकोन्दी म्हणजे मांस, मासे किंवा तशाच वजनाचा मुख्य पदार्थ. कोन्तोर्नी म्हणजे भाज्या आणि सॅलड, आणि दोल्ची म्हणजे गोड. इटलीत रोजच्या जेवणातही सगळे टप्पे घेतले जात नाहीत, त्यामुळे इथेही सगळे घ्यायलाच हवेत असं नाही.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. पारंपरिक पद्धतीत प्रिमो हा जेवणाचा एक टप्पा असतो, पूर्ण जेवण नव्हे. त्यात एका माणसाला ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता असतो. पण बरीच रेस्टॉरंटं पूर्ण जेवण म्हणून त्याहून मोठं ताट देतात. म्हणून 'कोरडा पास्ता किती ग्रॅम घालता?' असं सरळ विचारा. स्वयंपाकघरात तो मोजूनच घातला जातो, उत्तर असतंच. १६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त सांगितलं तर त्या ताटात दोघांचा प्रिमो निघतो. दुसरा घोळ सेकोन्दीचा. मांसाचा किंवा माशाचा तुकडा ताटात बहुधा एकटाच येतो. बटाटे, पालेभाजी, सॅलड हवं असेल तर ते कोन्तोर्नीमधून वेगळं मागवायचं.

दोघांसाठी एक अँटिपास्तो, दोन प्रिमी आणि एक गोड पुरतं. चौघांसाठी दोन अँटिपास्ती, मध्ये ठेवून खायला एक पिझ्झा, तीन प्रिमी किंवा दोन प्रिमी आणि एक सेकोन्दो घ्या. कमी पडलं तर पुन्हा मागवता येतं, आणि इटालियन जेवणात गरम ताट उशिरा येणं हे लवकर येऊन गार होण्यापेक्षा चांगलं.

सगळे पदार्थ एकदम टेबलावर आले तर?

ऑर्डर देतानाच क्रम सांगा : 'आधी हे दोन आणा, ते संपले की पास्ता लावा.' नव्या जागी वाढणारे सगळी ऑर्डर एका चिठ्ठीवर घेतात आणि आत जे आधी तयार होईल ते बाहेर येतं. पिझ्झा दीड मिनिटात भाजून होतो आणि रिसोट्टोला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, त्यामुळे न सांगता दोन्ही बरोबर येणं अवघडच. एकाने पिझ्झा आणि दुसऱ्याने रिसोट्टो घेतला असेल आणि एकत्र खायचं असेल, तर तेही सांगा.

पास्ता मधोमध कच्चा लागला. तो परत पाठवावा का?

आधी तुकडा चावून आत बघा. डुरम या कडक जातीच्या गव्हाच्या रव्याचा कोरडा पास्ता 'अल देन्ते', म्हणजे दाताला किंचित प्रतिकार करेल इतपत शिजवतात. मध्यभागी केसाएवढा फिकट ठिपका दिसणं ठीक आहे. पण आतला भाग पांढराफटक, पिठूळ असेल आणि दाढेला चिकटत असेल, तर तो कच्चा आहे. परत पाठवा.

डुरम गव्हातली प्रथिनं शिजताना घट्ट जाळं धरतात आणि स्टार्च आत रोखतात, म्हणून हा पास्ता कणखर राहू शकतो. साध्या मऊ गव्हाच्या पिठाचा कोरडा पास्ता लगेच लगदा होतो. इटलीत १९६७ च्या कायद्याने कोरड्या पास्त्याला डुरम गहू सक्तीचा केला, त्यामागे हेच आहे.

ताज्या अंड्याच्या पास्त्याला मात्र हे माप लावू नका. ताल्यातेल्ले, राव्हिओली, लसान्या यांचं पीठ साधारण १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं या प्रमाणात मळतात, आणि ते दोन ते चार मिनिटांत शिजतं. ते मऊ आणि रेशमी लागायला हवं. राव्हिओलीच्या कडा जिथे दोन थर जुळतात तिथे जाड आणि चामट लागत असतील, तर पारी जाड लाटली गेली आहे. नव्या स्वयंपाकघरात ही चूक बरीच दिसते.

सॉस तळाशी पाण्यासारखा साचतो, किंवा पास्त्याचा गोळा होतो. असं का?

दोन्हींचं मूळ एकच : पास्ता आणि सॉस यांची गाठ कढईत पडायला हवी होती, ती ताटात पडली. नीट पद्धत अशी असते. एका लिटर पाण्याला सुमारे १० ग्रॅम मीठ घालून पास्ता उकळतात, पुरता शिजायच्या एक-दोन मिनिटं आधीच काढून सॉसच्या कढईत टाकतात, आणि त्याच उकळीचं पिठूळ पाणी थोडं थोडं घालत जोरात हलवतात. त्या पाण्यातला स्टार्च तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवतो आणि सॉस पास्त्याला लपेटतो. या हलवण्याला मान्तेकातुरा म्हणतात.

हे केलं नाही तर सॉस खाली, पास्ता वर. आणि पास्ता आधी उकळून, तेल लावून ठेवला असेल तर सॉस त्यावरून घसरतो. उलट, गोळा झाला असेल तर ताट काउंटरवर वाट बघत राहिलं होतं, कारण स्टार्च थंड होताना आवळतो. पास्ता आणि मीठ यांचाही संबंध लक्षात ठेवा. सॉस खारट पण पास्ता अळणी लागला, तर उकळत्या पाण्यात मीठ कमी होतं. वरून मीठ भुरभुरून ते सुधारत नाही.

कार्बोनारामध्ये क्रीम नव्हतं. चुकून दिलं नाही का?

चूक नाही, उलट चांगली खूण आहे. कार्बोनारा हा रोमचा पास्ता. त्याच्या मूळ पद्धतीत अंडी किंवा नुसते बलक, पेकोरीनो रोमानो चीज, काळी मिरी आणि ग्वान्चाले असतं. ग्वान्चाले म्हणजे डुकराच्या गालाचं, मीठ लावून मुरवलेलं मांस. मलईदारपणा बलकातून येतो. बलक ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास दाटू लागतो आणि त्याच्या थोडंच पुढे गेला की गोठतो, म्हणून तो आच बंद करून मिसळतात. कढई जास्त तापलेली असेल तर ताटात अंड्याचे बारीक तुकडे दिसतात. तो पदार्थ बिघडलेलाच आहे, बदलून मागणं रास्त आहे.

काचो ए पेपे या पास्त्याचंही तसंच. त्यात फक्त पेकोरीनो, मिरी आणि पास्त्याचं पाणी असतं. चीज जास्त तापलं किंवा पाण्यात स्टार्च कमी पडला की त्याच्या रबरासारख्या गुठळ्या होतात. तीन घटकांचा हा पदार्थ करायला सोपा वाटतो, पण स्वयंपाकघराचा हात पारखायचा असेल तर आम्ही हाच मागवायला सांगू.

रिसोट्टो पाच मिनिटांत आला. हे चांगलं की वाईट?

तो आधी अर्धवट शिजवून ठेवलेला होता, एवढंच त्यावरून कळतं. कार्नारोली, आर्बोरिओ किंवा व्हियालोने नानो तांदळाला गरम रस्सा थोडा थोडा घालत १६ ते १८ मिनिटं लागतात. कांदा परतणं आणि शेवटी आच बंद करून थंड लोणी आणि चीज फेटणं धरलं तर २५ मिनिटं होतात. गर्दीच्या वेळी बरीच रेस्टॉरंटं तांदूळ साधारण सत्तर टक्के शिजवून ट्रेमध्ये पसरून गार करतात आणि ऑर्डर आली की पूर्ण करतात. हे नीट केलं तर वाईट लागत नाही, पण दाण्यातून सुटणारा स्टार्च कमी पडतो आणि मग तो दाटपणा क्रीम घालून आणला जातो.

ताटाला हलका धक्का द्या. रिसोट्टो लाटेसारखा सावकाश पसरला पाहिजे. ढिगासारखा उभा राहिला तर तो थांबून घट्ट झालाय. कडेने पाणी सुटलं तर रस्सा मुरलाच नाही. सोबत फोटो काढणारं कुणी असेल तर बाकी पदार्थांचे काढू द्या, रिसोट्टो आल्या आल्या खा.

पिझ्झा मध्ये ओला आणि कडेला काळे डाग. हा नीट भाजला नाही का?

आधी तो कुठल्या पद्धतीचा आहे ते विचारा. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा ४०० अंशांहून कितीतरी जास्त तापलेल्या ओव्हनमध्ये ६० ते ९० सेकंदांत भाजतात. कड फुगीर, मऊ आणि बिबट्याच्या अंगासारख्या काळ्या ठिपक्यांची, मधला भाग जेमतेम तीन मिलिमीटर जाड आणि लवचिक. तो मध्ये थोडा ओलसर असतोच. उचलला की टोक खाली वाकतं. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या संघटनेने १९८४ पासून हे नियम लिहून ठेवले आहेत, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

मध्ये ओलसर असणं वेगळं आणि तळं साचणं वेगळं. ताज्या मोझ्झारेल्लातलं पाणी निथळू दिलं नाही, टोमॅटो जास्त पातळ असला, किंवा ओव्हनची फरशी सलग पिझ्झ्यांनी थंड पडली, की पाणी साचतं. शेवटचं कारण गर्दीच्या वेळी घडतं. खालची बाजू उलटून बघा. ती फिकट आणि वर मात्र डाग असतील, तर वरची आग तेज होती आणि फरशी गार. काळे ठिपके ठीक, पण तळ सलग काळा आणि कडू असेल तर फरशीवर पडलेलं सुटं पीठ जळलंय.

कुरकुरीत आवडत असेल तर रोमच्या पद्धतीचा पातळ पिझ्झा मागा. तो कमी तापमानावर जास्त वेळ भाजतात. नेपल्सच्या पिझ्झाला 'जास्त कडक भाजा' असं सांगून तो कुरकुरीत होत नाही, नुसता कोरडा होतो. आणि कुठल्याही पद्धतीचा असो, पहिला पिझ्झा मार्गारीता किंवा मारिनारा घ्या. पिठाची, टोमॅटोची आणि ओव्हनची पारख त्यातच होते. खाल्ल्यावर रात्रभर पोट जड राहिलं आणि तहान लागत राहिली, तर एक संभाव्य कारण पीठ पुरेसं आंबलेलं नसणं आणि मीठ जास्त असणं हे असतं.

मी शाकाहारी आहे. मेन्यूवर शाकाहारी लिहिलंय, ते पुरेसं आहे का?

बऱ्याचदा नाही, आणि या प्रश्नाला आम्ही मुद्दाम जास्त जागा देतोय.

पहिली अडचण चीजची. पार्मिज्यानो रेज्यानो, ग्राना पादानो आणि गोर्गोन्झोला ही चीजं करताना वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, वापरतात, पेकोरीनो रोमानोत कोकराचं. पार्मिज्यानो रेज्यानोच्या नियमांत वासराचं रेनेट सक्तीचंच आहे, त्यामुळे त्या नावाचं शाकाहारी चीज असूच शकत नाही. तुम्हाला हे चालत नसेल तर 'चीज सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतीपासून केलेल्या रेनेटचं आहे का?' असं विचारा आणि वेष्टन दाखवायला सांगा. बरीच रेस्टॉरंटं तशी कडक चीजं ठेवतात, पण मेन्यूवर नाव मात्र पार्मेजानचंच असतं. मास्कारपोने आम्लाने गोठवतात, त्याला रेनेट लागत नाही. रिकोत्ता चीजच्या निवळीपासून होते, त्यामुळे मूळ चीज कशाने विरजलं हे तिथेही विचारावं लागतं.

दुसरी अडचण रश्श्याची. रिसोट्टो आणि मिनेस्त्रोने सूप भाजीचं दिसतं, पण रस्सा कोंबडीचा किंवा गाईच्या हाडांचा असू शकतो. मिलानच्या केशरी रिसोट्टोत पारंपरिकपणे हाडातली मज्जा परततात. मिनेस्त्रोनेत पान्चेत्ता (डुकराचं मुरवलेलं मांस) किंवा चीजची साल उकळलेली असू शकते.

तिसरी, न दिसणारे मासे आणि चरबी. पुत्तानेस्का या टोमॅटोच्या सॉसमध्ये बऱ्याच ठिकाणी अँचोव्ही हे छोटे खारवलेले मासे विरघळवतात. काळा पास्ता स्क्विडच्या शाईने रंगवलेला असतो. फोकाचा या पावात किंवा प्यादीना या पोळीत काही ठिकाणी डुकराची चरबी घालतात. पान्ना कोत्ता हा सायीचा गोड पदार्थ जिलेटिनने, म्हणजे प्राण्यांपासून काढलेल्या द्रव्याने, धरतो. ताज्या पास्त्यात अंडं असतं, आणि राव्हिओलीच्या पालकाच्या सारणातही अंडं बांधणीला घालतात.

मग काय मागवावं? मारिनारा पिझ्झात टोमॅटो, लसूण, ऑरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढंच असतं, प्राणिजन्य काहीच नाही. अल्यो ए ओल्यो हा लसूण, तेल आणि मिरचीचा स्पगेत्ती तसाच. पोमोदोरो आणि अराब्याता (टोमॅटोच्या साध्या आणि तिखट सॉसचे पास्ते) 'वरून चीज न घालता' मागा. सिसिलीची कापोनाता म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी, भाजलेल्या भाज्या, टोमॅटोची ब्रुस्केता हेही बहुतेक ठिकाणी निर्धोक. पेस्तोत (बेसिलच्या पानांच्या चटणीत) मात्र चीज मुळातच वाटलेलं असतं, ते काढता येत नाही.

ग्लुटेन किंवा सुक्या मेव्याची अॅलर्जी असेल तर?

'ग्लुटेनविरहित पास्ता आहे' एवढ्याने भागत नाही. तो वेगळ्या पाण्यात उकळता का, वेगळी जाळी वापरता का, हे विचारा, कारण एकाच पाण्यात सगळा पास्ता उकळला तर त्या पाण्यात गव्हाचं ग्लुटेन उतरलेलं असतं. पिझ्झाची जागा आणखी अवघड. तिथे हवेत, फळीवर आणि ओव्हनच्या फरशीवर सतत पीठ असतं. सीलिएक आजार (ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांनी एकाच ओव्हनमधला ग्लुटेनविरहित पिझ्झा टाळावा, वेगळा ओव्हन असेल तरच घ्यावा. सुक्या मेव्याचं म्हणाल तर पेस्तोत पाइनच्या बिया असतात आणि त्यांच्याऐवजी काजू, बदाम किंवा अक्रोड सर्रास वापरतात. मोर्तादेल्ला या सॉसेजमध्ये पिस्ते, अमारेत्ती बिस्किटांत बदाम किंवा जर्दाळूच्या बिया, आणि जेलातोचा (इटालियन आइस्क्रीमचा) चमचा एका डब्यातून दुसऱ्यात. वाढणाऱ्याने 'बहुतेक नसेल' म्हटलं तर तो पदार्थ सोडा.

माशांच्या पास्त्यावर चीज मागितलं तर चालतं का?

मागू शकता. पण क्लॅमच्या (शिंपल्यांच्या) किंवा कोळंबीच्या सॉसची खारी, हलकी चव मुरवलेल्या चीजखाली दबते, म्हणून ते आणून देत नाहीत. एक घास तसाच खा आणि मग ठरवा.

स्पगेत्ती कसा खायचा?

काट्यात तीन-चार धागेच पकडा, काटा ताटाच्या कडेला टेकवा आणि फिरवा. जास्त पकडले की गुंडाळा तोंडात मावत नाही. चमचा लागत नाही, सुरीने कापू नका. शेवटी उरलेला सॉस पावाने पुसून खाणं अगदी रीतसर आहे. पिझ्झा सुरी-काट्याने सुरू करून मग घडी घालून हाताने खाल्ला तरी कुणी काही म्हणत नाही.

बिल अंदाजापेक्षा जास्त का येतं?

बहुतेक वेळा चार कारणं. मोठा मासा आणि फ्लोरेन्सच्या पद्धतीचा बिस्तेक्का (गोमांसाचा जाड तुकडा) यांची किंमत १०० ग्रॅमची लिहिलेली असते, पूर्ण तुकड्याची नाही. बिस्तेक्का हाडासकट एक ते दीड किलोचा असतो, म्हणजे छापलेली किंमत दहा ते पंधरा पट करायची. तुकडा भाजण्याआधी वजन दाखवायला सांगा, हा तुमचा हक्क आहे. दुसरं, 'आजचे खास' तोंडी सांगितले जातात आणि किंमत सांगितली जात नाही. ती विचारा. तिसरं, ताज्या ट्रफलचे (जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीचे) काप टेबलाशी येऊन पाडले जातात आणि ते ग्रॅमवर मोजले जातात. किती ग्रॅमला किती, हे किसणी चालायच्या आधी ठरवा. चौथं, न मागता आलेला पाव, ऑलिव्ह आणि बाटलीचं पाणी. इटलीत माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलाचं शुल्क, लावायची पद्धत आहे आणि काही रेस्टॉरंटं ती इतरत्रही पाळतात. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत बघा.

ट्रफल तेल, बाल्सामिक, ऑलिव्ह तेल यातलं खरं कसं ओळखावं?

ट्रफल तेलाचा तो झणझणीत वास बहुतेकदा प्रयोगशाळेत केलेल्या गंधद्रव्याचा असतो. खरा ट्रफल पुष्कळ सौम्य असतो आणि त्याचे काप डोळ्यांना दिसतात. नुसतं 'ट्रफल' लिहून जास्त किंमत लावली असेल तर ताजा की तेल, हे विचारा.

मोदेनाचा पारंपरिक बाल्सामिक (द्राक्षांच्या रसाचं व्हिनेगर) किमान १२ वर्षं लाकडी पिंपांत मुरतो, 'एक्स्त्रावेक्यो' असेल तर २५ वर्षं. तो घट्ट असतो आणि थेंबांनी वाढतात. सॅलडवर सढळ ओतलेला तो नव्हे. ते साधं बाल्सामिक व्हिनेगर, ज्याला किमान ६० दिवस मुरवणं पुरतं. सॅलडला तेच योग्य आहे. तक्रार करायची ती फक्त मेन्यूवर जुना लिहून साधा दिला तर. ऑलिव्ह तेल पावाला लावून चाखा : चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनला किंचित कडवटपणा आणि घशात तिखट चुरचूर असते. मेणबत्तीसारखा किंवा जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर ते खवट झालंय.

मेन्यूवर गार्लिक ब्रेड, सीझर सॅलड आणि क्रीमचा अल्फ्रेडो आहे. म्हणजे जागा वाईट का?

मुळीच नाही. सीझर सॅलडचा जन्म मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात १९२४ चा मानतात. अल्फ्रेडो पास्ता रोमचाच आहे, पण मूळ फक्त लोणी आणि पार्मिज्यानोचा. क्रीम नंतर अमेरिकेत आलं. ग्राहक मागतात म्हणून हे पदार्थ ठेवले जातात. काळजी वाटावी ती मेन्यूच्या लांबीने. वीस पास्ते, वीस पिझ्झे आणि शिवाय बर्गर असतील, तर नवं स्वयंपाकघर इतके सॉस रोज ताजे करू शकत नाही. सहा ते आठ पास्त्यांचा मेन्यू जास्त भरवशाचा.

वाइन चाखायला थोडी ओततात, तेव्हा काय करायचं?

तुम्हाला आवडली का, हे तपासायचं नसतं. ती बिघडलेली नाही ना, हे बघायचं असतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा कोंदट तळघरासारखा वास आला तर बुचाचा दोष आहे आणि बाटली बदलून मिळायला हवी. बाटली तुमच्यासमोर उघडली गेली पाहिजे.

तिरामिसूत कच्चं अंडं असतं का? गोडात काय घ्यावं?

पारंपरिक तिरामिसूत मास्कारपोने, कच्ची अंडी, साखर, कॉफीत बुडवलेली साव्होयार्दी बिस्किटं आणि वर कोको असतो. बरीच स्वयंपाकघरं आता पाश्चराइज केलेली अंडी वापरतात किंवा बलकावर उकळता साखरेचा पाक ओततात. गरोदर असाल, लहान मूल असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर हे विचारूनच घ्या. काही ठिकाणी मार्साला वाइन किंवा रम घालतात, तेही विचारा. तळाशी कॉफीचं पाणी साचलं असेल तर बिस्किटं जास्त वेळ बुडवली गेली. मधोमध कोरडी असतील तर आज सकाळीच लावलंय आणि मुरलेलं नाही.

जेलातोत साय कमी आणि हवाही कमी असते, आणि तो आइस्क्रीमपेक्षा थोड्या उबदार तापमानाला वाढतात, म्हणून चव लगेच कळते. पिस्त्याचा जेलातो मातकट हिरवा असतो. झगझगीत हिरवा दिसला तर रंग घातलाय.

जेवणानंतर कापुचीनो मागवली तर?

मिळेल. इटलीत दुधाची कॉफी सकाळी पितात, कारण भरल्या पोटावर दूध जड होतं, एवढंच. एस्प्रेसो साधारण ७ ग्रॅम कॉफीच्या भुकटीतून २५ सेकंदांत २५ मिलिलिटर काढतात. वरचा फेस बदामी आणि दाट हवा. पांढुरका आणि लगेच फाटणारा फेस म्हणजे पाणी फार भरभर गेलं, आंबट लागेल. गडद आणि मध्ये भोक पडलेला म्हणजे फार सावकाश, कडू लागेल. नव्या यंत्राची दळणी रोज जुळवावी लागते, त्यामुळे सुरुवातीला हे चुकतं. सांगितलंत तर पाच मिनिटांत दुसरी करून देतात.

पदार्थ बिघडला असेल तर कसं सांगावं?

दोन-तीन घासांतच सांगा, अर्धं ताट संपल्यावर नाही. आणि नेमकं सांगा. 'आवडलं नाही' म्हटल्यावर आत काहीच कळत नाही. 'पास्ता अळणी आहे', 'पिझ्झाचा तळ फिकट आहे', 'रिसोट्टो गार आहे' म्हटल्यावर पुढचं ताट दुरुस्त होऊन येतं. पास्ता पुन्हा कढईत टाकून गरम करून आणला तर तो मऊच पडणार, म्हणून 'नवा करून द्या' असं स्पष्ट म्हणा. नव्या रेस्टॉरंटला अशी नेमकी तक्रार खरोखर हवी असते. घरी जाऊन लिहिण्यापेक्षा तिथे बोललात तर तुमचंही जेवण सुधारतं.

लहान मुलांसाठी मेन्यूवर काहीच नाही.

'पास्ता इन ब्यांको' मागा : साधा पास्ता, लोणी किंवा तेल आणि थोडं चीज. मेन्यूवर नसला तरी कुठलंही इटालियन स्वयंपाकघर तो करून देतं. तो सगळ्यांच्या आधी आणायला सांगा.

उरलेलं घरी नेता येतं का?

पिझ्झा आणि लसान्या नेण्यासारखे आहेत. पिझ्झा कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा, कडेला पाण्याचे काही थेंब टाकून शेवटचं मिनिट झाकण लावा. तळ कुरकुरीत होतो आणि चीज वितळतं. टोमॅटोच्या सॉसचा पास्ता कढईत दोन-तीन चमचे पाणी घालून गरम करा. कार्बोनारा नेऊ नका, गरम करताना अंडं फाटतं. रिसोट्टो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, पण गार झाल्यावर त्याचे गोळे करून, मध्ये चीजचा तुकडा भरून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळले की रोमच्या सुप्लीसारखे लागतात. शिजलेला तांदूळ बाहेर ठेवू नका. घरी पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा.